काळ्या दाण्यातलं ब्रोमिन: प्रकल्प नोंदी

९ सप्टेंबर २०२४, सोमवार

नवीन काम आजपासून या वहीत. एक्स्टेन्शन बोर्डच्या बॉडी बनवणाऱ्या एका गिऱ्हाइकाला काळं एबीएस कंपाउंड, म्हणजे एबीएस या टणक प्लॅस्टिकचा सगळं मिसळून तयार केलेला दाणा, हवं आहे. अटी तीन. ४० टक्के माल जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या प्लॅस्टिकमधून आलेला असावा. १.६ मिलिमीटर जाडीला यूएल ९४ या आगीच्या चाचणीत व्ही-झीरो श्रेणी मिळावी, म्हणजे पेटलं तरी काही सेकंदांत विझावं. आणि पीबीबी व पीबीडीई हे ब्रोमिनयुक्त ज्वालारोधकांचे दोन जुने गट प्रत्येकी १००० पीपीएमच्या (दहा लाखांत हजार भागांच्या) आत असावेत. ही शेवटची अट गिऱ्हाइकाने घातली नसती तरी आपल्या ई-कचरा नियमांत ती आहेच.

पहिली आणि तिसरी अट एकमेकींच्या मुळावर उठणाऱ्या आहेत. जुन्या मॉनिटरच्या पाठी जेव्हा बनल्या तेव्हा त्यांत हेच पीबीडीई घालायची पद्धत होती.

एक्स्टेन्शन बोर्ड पलंगाखाली, पडद्यामागे, गादीला टेकून पडलेला असतो आणि त्यावर इस्त्रीपासून गिझरपर्यंत सगळं चालतं. खिळखिळ्या पिनेशी ठिणगी पडली तर बॉडीने पेट घेता कामा नये. तेव्हा ज्वालारोधक घालायचं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. कुठलं घालायचं आणि कुठलं नकळत आत येऊ द्यायचं नाही, हा या कामाचा प्रश्न.

दराची नोंद: अँटिमनी धातू वर्षाच्या सुरुवातीला टनाला बारा-तेरा हजार डॉलर होता, आता त्याच्या दुप्पट. चीनने १५ सप्टेंबरपासून निर्यातीवर परवान्याची अट घातली आहे. ब्रोमिनच्या जोडीला घालायचं आपलं अँटिमनी ट्रायऑक्साइड महागणार हे धरूनच पाककृती बसवायची.

१२ सप्टेंबर, गुरुवार

कुदळवाडीत, पिंपरी-चिंचवडच्या भंगारबाजारात, गेले होते. दोन गोदामं पाहिली. दुसऱ्या गोदामात मॉनिटरच्या पाठी छपरापर्यंत रचलेल्या. तिथले चाचा तीस वर्षं हेच करतात. पाठ हातात घेऊन वाकवतात, बोटाने टिचकी मारतात आणि आवाजावरून सांगतात, हे एबीएस, हे हिप्स (रबर मिसळलेलं पॉलिस्टायरीन). खात्री नसेल तर कोपरा लायटरने पेटवतात, फुंकर मारून विझवतात आणि धूर हुंगतात. दहातल्या नऊ वेळा बरोबर निघतात. त्यांच्यासमोर मला बोलवेना, पण तो धूर दिवसातून पन्नास वेळा नाकात जातो आणि त्या पाठींपैकी कितीतरी ब्रोमिनवाल्या असतात.

मी तांब्याची तार नेली होती. तार बर्नरवर लाल होईपर्यंत तापवायची, ज्योतीचा हिरवा रंग पूर्ण जाईपर्यंत धरायची. मग गरम तार प्लॅस्टिकला टेकवायची, थोडंसं वितळून चिकटतं, आणि पुन्हा ज्योतीत. पहिल्या पाठीला ज्योत पिवळी, काजळी सोडणारी. दुसऱ्या पाठीला तार ज्योतीत गेल्याबरोबर कडेने हिरवीगार, मोराच्या पिसासारखी निळसर झाक असलेली. तांब्याचं ब्रोमाइड उडतं, त्याचा हा रंग. बाइलस्टाइन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८७२ मध्ये ही परीक्षा शोधून काढली, आणि अजून गोदामात चालते. क्लोरिनलाही हिरवाच रंग येतो, त्यामुळे पीव्हीसीचा तुकडा मध्ये आला तर फसायला होतं. चाचांच्या पुतण्याने चार वेळा करून पाहिली. त्याला सांगितलं, उघड्यावर कर, वाऱ्याच्या बाजूला उभा राहा, आणि रोज करायला ही परीक्षा चांगली नाही. खरं काम यंत्राने व्हायला हवं.

६४ पाठी निवडून टेम्पोने आणल्या.

१९ सप्टेंबर, गुरुवार

विसर्जनाची सुट्टी संपून आज लॅब पूर्ण चालू. ६४ पाठी एकेक करून एक्सआरएफ गनखाली, म्हणजे क्ष-किरणांनी मूलद्रव्यं मोजणाऱ्या हातयंत्राखाली, घेतल्या. प्रत्येकीवर तीन जागी, स्टिकर आणि रंग सोडून.

ब्रोमिनचे आकडे:
३९ पाठी ३०० पीपीएमच्या खाली, त्यातल्याही बहुतेक ५० च्या आत.
१९ पाठी ५०,००० पीपीएमच्या वर, म्हणजे पाच टक्क्यांहून जास्त. सोबत अँटिमनीही भरपूर.
६ पाठी मधल्या, ४०० ते ९,०००.

दिवसभर त्या सहांकडेच पुन्हा पुन्हा पाहत राहिले. आग थांबवायला एबीएसमध्ये साधारण दहा टक्के ब्रोमिन लागतं. अर्ध्या टक्क्याने काहीही होत नाही, एवढं कमी कोणी मुद्दाम घालत नाही. म्हणजे या सहा पाठी ज्या दाण्यातून बनल्या तो दाणाच कुणीतरी भंगारातून केलेला होता. ब्रोमिन त्यात पाहुण्यासारखं आलं आणि राहिलं. दुसऱ्या फेरीचा माल आपल्याकडे आत्ताच येऊ लागला आहे.

पाठींच्या आतल्या बाजूला कोन असलेल्या कंसात खुणा असतात. ११ पाठींवर ‘एबीएस-एफआर(१७)’ सापडलं. १७ म्हणजे सुगंधी वर्गातलं ब्रोमिन संयुग अँटिमनीसोबत, पीबीडीई आणि पीबीबी सोडून. १८ आणि १९ या खुणा पीबीडीईच्या; तशी एकही मिळाली नाही. ब्रोमिन असलेल्या बाकीच्या ८ पाठींवर खूणच नाही, आणि त्यांतल्या बहुतेक जुन्या आहेत. त्यांतच डेका किंवा ऑक्टा हे पीबीडीईचे प्रकार असण्याचा संभव जास्त.

गन सांगते ब्रोमिन किती. ते कुठल्या रेणूत बसलंय हे तिला कळत नाही. त्यासाठी रेणू ओळखणारी जीसीएमएस चाचणी, म्हणजे बाहेरची लॅब आणि आठ-दहा दिवस. म्हणून चाळणीसाठी ३०० ची रेघ धरली: ब्रोमिनच ३०० च्या खाली असेल तर पीबीडीई १००० च्या वर असूच शकत नाही, कारण डेकाच्या वजनात ८३ टक्के ब्रोमिनच असतं.

नव्याने आलेल्या मुलीसाठी इथेच लिहून ठेवते. पीबीडीईचे प्रकार तीन: पेंटा फोमच्या गाद्यांत जायचं, ऑक्टा मुख्यतः एबीएसमध्ये, डेका टीव्हीच्या हिप्समध्ये आणि कापडाच्या पाठीमागच्या थरात. पेंटा आणि ऑक्टा युरोपने २००४ मध्ये बंद केले, अमेरिकेतलं उत्पादनही त्या वर्षाअखेर थांबलं. २००९ मध्ये दोन्ही, न विघटणाऱ्या विषारी रसायनांवरच्या स्टॉकहोम कराराच्या यादीत गेले, डेका २०१७ मध्ये. आपल्याकडे मार्च २०१८ च्या नियमांनी टेट्रा ते हेप्टापर्यंतचे ब्रोमोडायफिनाइल ईथर, हेक्साब्रोमोबायफिनाइल आणि थर्माकोलमध्ये जाणारं एचबीसीडी बंद झालं. बंदी नव्या मालावर येते. गोदामातली पाठ आहे तिथेच असते.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

ज्वालारोधक ठरवलं: ब्रोमिनयुक्त इपॉक्सी ऑलिगोमर (आखूड साखळीचा रेणू), ब्रोमिन ५२ टक्के.

टीबीबीपीए हे दुसरं ब्रोमिनयुक्त ज्वालारोधक स्वस्त पडलं असतं. १८० अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे एबीएसमध्ये छान मिसळतं. सर्किट बोर्डच्या इपॉक्सीत ते रेझिनच्या साखळीलाच जोडलं जातं, तिथे ते जागेवर बसतं. एबीएसमध्ये मात्र नुसतं मिसळलेलं राहतं, म्हणजे हळूहळू बाहेर येऊ शकतं. युरोपने जानेवारी २०२३ मध्ये त्याला अतिचिंताजनक पदार्थांच्या यादीत टाकलं. डीबीडीपीई, म्हणजे डेकाची जागा घेणारा त्याचाच सख्खा भाऊ, ३५० अंशांच्या आसपास वितळतो, म्हणून आपल्या एक्स्ट्रूडरच्या (प्लॅस्टिक वितळवून मिसळणाऱ्या यंत्राच्या) २१० अंशांच्या बॅरलमध्ये पावडरच राहतो आणि आघातशक्ती पाडतो. शिवाय रचना डेकाशी इतकी मिळतीजुळती आहे की दहा वर्षांनी पुन्हा हीच वही लिहावी लागेल असं मला वाटतं. ऑलिगोमर मोठा रेणू, प्लॅस्टिकबाहेर सहज सरकत नाही, पृष्ठभागावर पांढरी बुरशीसारखी भुकटी येत नाही. महाग आहे. साहेबांना आकडा सांगितला, ते फक्त ‘हं’ म्हणाले.

ब्रोमिनमुक्त का नाही, असं गिऱ्हाइकाने विचारलं होतं. पीसी-एबीएस मिश्रणात फॉस्फरसचे एस्टर चालतात, कारण पॉलिकार्बोनेट जळताना कोळशाचा थर धरतं. नुसतं एबीएस थर धरत नाही, सगळं वायू होऊन जळतं. त्याची आग वायूतच गाठावी लागते आणि ते काम ब्रोमिनचं. प्लॅस्टिक तापलं की ब्रोमिन सुटून हायड्रोजन ब्रोमाइड होतो. ज्योतीत हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिलचे मोकळे, बिनजोडीचे तुकडे एकातून दुसरा उत्पन्न करत साखळी चालवतात. हायड्रोजन ब्रोमाइड त्यांना पकडतो आणि साखळी तुटते. अँटिमनी एकटं आग विझवत नाही. ते ब्रोमिनशी मिळून अँटिमनी ट्रायब्रोमाइड बनतं, ते सहज उडतं आणि ब्रोमिनला ज्योतीपर्यंत पोहोचवतं. म्हणून दोघं बरोबर लागतात.

पहिली पाककृती, शंभर भागांत: पुनर्प्रक्रिया केलेलं एबीएस ४०, नवं एबीएस ३३, ऑलिगोमर २०, अँटिमनी ट्रायऑक्साइड ५, बाकी काळा मास्टरबॅच (रंग दाटून भरलेला दाणा) आणि स्टॅबिलायझर. ब्रोमिन हिशेबाने १०.४ टक्के.

अँटिमनीची सुटी पावडर घ्यायची नाही, दाण्याच्या रूपातलं मास्टरबॅचच घ्यायचं. फीडरवर, म्हणजे माल ओतायच्या तोंडाशी, यंत्र चालवणारे मामा उभे असतात, आणि ती पांढरी धूळ फार बारीक असते.

८ ऑक्टोबर, मंगळवार

आज मिठाच्या पाण्याची टाकी. साध्या एबीएसची घनता १.०४ ते १.०६, ब्रोमिन आणि अँटिमनीने भरलेल्याची १.१५ ते १.२०. मधल्या घनतेच्या पाण्यात टाकलं की एक तरंगतं, एक बुडतं. ५०० लिटर पाण्यात ६४ किलो मीठ, म्हणजे १.०८.

मी हायड्रोमीटर शोधत होते तेवढ्यात मामांनी बोटाने पाणी चाखलं आणि म्हणाले, ‘ताई, अकरा डिग्री असेल.’ मीटर टाकला, बोमेच्या मापात पावणेअकरा. मामांचं बालपण उरणच्या मिठागरांत गेलंय. वडील खाजणातलं पाणी एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत सोडायचे, आणि डिग्री बघणं घरात सगळ्यांना यायचं. पंचवीस डिग्रीला मीठ पडायला लागतं, ते काढून घेतल्यावर जे कडू पाणी उरतं ते ओढ्याला सोडून द्यायचे. मी त्यांना सांगितलं, मामा, ब्रोमिन त्याच कडू पाण्यात असतं. फ्रान्समध्ये बालार नावाच्या तरुणाने १८२६ मध्ये माँपेलिएच्या मिठागराच्या कडू पाण्यातूनच ते पहिल्यांदा वेगळं केलं, आणि वासावरून त्याचं नाव पडलं. आज कच्छच्या रणातही तसंच काढतात. मामा बराच वेळ टाकीकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, ‘आमच्या दादांनी आयुष्यभर ते ओतून दिलं.’

पहिल्या घाण्यात फसगत झाली. बुडायला हवेत ते तुकडे तरंगत होते. जवळून पाहिलं तर प्रत्येक तुकड्याच्या खरबरीत कडेला हवेचे बारीक बुडबुडे चिकटलेले. भांडी घासायच्या लिक्विडचे काही थेंब टाकून ढवळलं, आणि काळा पाऊस पडावा तसे तुकडे खाली गेले. तरंगलेल्या मालाचं ब्रोमिन १२० पीपीएम. नंतर गोड्या पाण्याने दोनदा धुवायचं, नाहीतर मिठाचं क्लोराइड स्क्रू खाईल.

मुद्दाम एक वेगळा घाणा त्या सहा मधल्या पाठींचा केला. सगळाच्या सगळा तरंगला. ९,००० पीपीएम ब्रोमिनने घनता १.०६ च्या आसपासच जाते. पाण्याला फरक कळत नाही. म्हणजे टाकी फक्त ढोबळ माल वेगळा करणार. मधला माल गनखालीच पकडायचा, तोही दळायच्या आधी, पाठ अख्खी असताना.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

खंडेनवमी. एक्स्ट्रूडर साफ, स्क्रू बाहेर काढून पुसला, पूजा झाली. चाचणी नाही.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

चाचणी १. ट्विन स्क्रू, बॅरल १९० ते २१५ अंश. यंत्रातून निघणारी दोरी, म्हणजे स्ट्रँड, छान काळी, चकचकीत.

दुपारी सव्वादोनला वीज गेली. वीस मिनिटं माल बॅरलमध्ये अडकून राहिला. वीज आल्यावर पहिली स्ट्रँड तपकिरी, फुगलेली, आणि डोळ्यांना झोंबणारा आंबट वास. हायड्रोजन ब्रोमाइड. मामांनी न विचारता सगळ्यांना मागे केलं, व्हेंटचा पंखा वाढवला आणि कोऱ्या एबीएसने बॅरल धुऊन काढलं. तो तपकिरी माल वेगळ्या पिंपात, लाल चिठ्ठी लावून. परत दळायचा नाही. एकदा असा भाजलेला माल पुन्हा वापरला की स्टॅबिलायझर कितीही घाला, तो पुढच्या घाण्यालाही बिघडवतो.

यूएल ९४ ची पट्टी: १२५ मिलिमीटर लांब, १३ रुंद, उभी टांगलेली. खाली ३०० मिलिमीटरवर कापूस. २० मिलिमीटरची निळी ज्योत दहा सेकंद, काढायची, विझायची वाट बघायची, पुन्हा दहा सेकंद. पाच पट्ट्या. प्रत्येक वेळी दहा सेकंदांत विझलं पाहिजे, पाचांचे दहा वेळ मिळून ५० सेकंदांच्या आत, आणि कापूस पेटता कामा नये. चाचणी चालू असताना पेटीचा पंखा बंद, नाहीतर वाराच आग विझवतो आणि आपण स्वतःची पाठ थोपटतो.

पट्टी १: २ सेकंद, ३ सेकंद. पट्टी २: २, ४. पट्टी ३ ला दुसऱ्या ज्योतीत खालचं टोक लोंबलं, एक जळता थेंब ताणत ताणत सुटला आणि कापूस भप्पकन पेटला. पट्टी तीन सेकंदांत विझली होती, तरी कापूस पेटला म्हणून श्रेणी व्ही-टू. घरात त्या कापसाच्या जागी गादी असते, म्हणून हा नियम मला फार योग्य वाटतो.

पुढच्या वेळी ०.३ टक्के पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉन. वितळलेल्या प्लॅस्टिकात त्याचे तंतू जाळं धरतात आणि थेंब गळू देत नाहीत.

११ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीच्या सुट्टीत साहेबांनी एका पुरवठादाराकडून ३ टन काळा रिप्रो, म्हणजे पुनर्प्रक्रिया केलेला, दाणा घेतला. पाठी आणून, मोजून, दळून, तरंगवून फार वेळ जातो, हा तयार आहे आणि किलोला १४ रुपये स्वस्त आहे. सोबत कागद: पीबीडीई मर्यादेत.

गनखाली ब्रोमिन २,६०० पीपीएम. पाच पिशव्या फोडल्या, पाचांत २,४०० ते २,८००. एकसारखं. म्हणजे वरवर मिसळलेलं नाही, चांगलं घोटून एकजीव केलेलं आहे. मिठाच्या पाण्यात सगळा दाणा तरंगला. नमुना जीसीएमएसला पाठवला. तोवर पिशव्यांवर लाल चिठ्ठ्या, आणि स्टोअरमध्ये दुसऱ्या भिंतीला.

चिठ्ठ्यांवरून स्टोअरच्या मुलाशी वाजलं, त्याला रोज रंग लक्षात ठेवणं कटकटीचं वाटतं. त्याला मिशिगनची गोष्ट सांगितली. १९७३ साली तिथल्या एका कारखान्यात दोन माल बनत: ‘फायरमास्टर’ नावाचं पीबीबी ज्वालारोधक आणि ‘न्यूट्रिमास्टर’ नावाचं गुरांच्या आंबोणातलं मॅग्नेशियम ऑक्साइड. फायरमास्टरच्या पिशव्या पशुखाद्याच्या गिरणीत गेल्या. गायींचं दूध आटलं, खूर वाढले, वासरं दगावली. रिक हॅल्बर्ट हा शेतकरी मूळचा केमिकल इंजिनीअर, त्याने पदरमोड करून नमुने तपासत राहून कारण शोधायला लावलं, त्यात महिने गेले. सुमारे ३०,००० गुरं आणि १५ लाख कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. तोवर दूध आणि मांस लोकांच्या पोटात गेलं होतं. मुलगा गप्प ऐकत होता. संध्याकाळी पाहिलं तर त्याने भिंतीवर खडूने मोठी लाल चौकट काढली होती.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

जीसीएमएसचा अहवाल: डेका १,९०० पीपीएम, ऑक्टा गटाच्या खुणा, पीबीबी नाही. कागद खोटा होता. पुरवठादार म्हणतो, ‘मलाही असाच मिळाला.’ तेही खरं असू शकेल.

दुपारी बैठक. विक्रीच्या माणसाने हिशेब मांडला आणि हिशेब बरोबर आहे: कंपाउंडमध्ये हा दाणा ४० टक्के, म्हणून १,९०० चे ७६० उरतात. १००० च्या आत. कागदावर पास.

मी जे सांगितलं ते इथे नीट लिहून ठेवते, कारण बोलताना आवाज चढला होता.

एक. तयार कंपाउंडमध्ये आपण स्वतः दहा टक्के ब्रोमिन घालतो. म्हणजे गनवर एक लाख पीपीएम दिसणार. त्यात ७६० पीपीएमचं डेका गनला दिसणारच नाही, आणि १,५०० असलं तरी दिसणार नाही. आज ७६० आहे हे अहवालावरून कळतं. उद्याचा लॉट ३,००० चा आला तर आपल्याला गिऱ्हाइकाच्या लॅबमधून कळेल. अडवायची जागा एकच, कच्चा माल आत येताना.

दोन. पातळ केल्याने डेका कमी होत नाही. तीन टनांतले सुमारे पावणेसहा किलो डेका साडेसात टनांत पसरतील, एवढंच. ते बोर्ड पाच-सात वर्षांनी पुन्हा भंगारात जातील, त्यांच्यावर खूण असेल ‘एफआर(१७)’, आणि ती खूण खोटी असेल. त्या सहा पाठी अशाच कुणाच्या तरी बरोबर हिशेबातून बनल्या. मग ते प्लॅस्टिक ज्याला आग विझवायचीच नाही अशा वस्तूंत जातं, खेळण्यात, कंगव्यात, कुंडीत.

तीन. स्वीडनमध्ये आईच्या दुधाचे नमुने जपून ठेवले होते. १९७२ ते १९९७ या काळात त्यात पीबीडीई दर पाच वर्षांनी दुप्पट होत गेलं. त्या बायका कुठल्या कारखान्यात कामाला नव्हत्या. घरात राहत होत्या, सोफ्यावर बसत होत्या, टीव्ही पुसत होत्या.

साहेब म्हणाले, ‘तीन टन पैसे अडकलेत, मॅडम. रात्रभर विचार करू द्या.’

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

साहेबांनी सकाळी फोन केला. दाणा वापरायचा नाही. मी म्हटलं, परतही द्यायचा नाही, कारण परत गेला तर तो दुसऱ्या दारात जाईल. यावर ते बराच वेळ बोलले नाहीत. शेवटी रांजणगावच्या घातक कचरा प्रक्रिया केंद्राकडे भट्टीत जाळायला पाठवायचं ठरलं. नुकसान कंपनीचं. नीट तापमानाची, धूर धुणारी भट्टीच हवी. उघड्यावर किंवा अर्धवट तापमानाला पीबीडीई जाळलं तर ब्रोमिनयुक्त डायॉक्सिन आणि फ्युरान तयार होतात.

पुढे तयार रिप्रो दाणा घ्यायचा नाही. अख्ख्या पाठीच. प्रत्येक पाठ गनखाली.

१७ डिसेंबर, मंगळवार

वहिनीने फॉरवर्ड पाठवला: काळी उलथणी फेकून द्या, त्यात टीव्हीचं विष आहे. खाली विचारलं होतं, ‘तुझ्याच कामातलं आहे ना, खरं सांग.’

खरं सांगायला थोडं लांब लिहावं लागलं. ऑक्टोबरमध्ये ‘केमोस्फिअर’ या नियतकालिकात अमेरिकन बाजारातल्या काळ्या वस्तूंवर लेख आला. त्यात उलथणी, खेळणी, सुशीचे ट्रे यांत डेकासकट ज्वालारोधक सापडले. त्या लेखात एक गुणाकार चुकला होता. डेकाची सुरक्षित मर्यादा दिवसाला शरीराच्या किलोमागे ७,००० नॅनोग्रॅम, माणूस ६० किलोचा, म्हणजे दिवसाला ४,२०,०००. लेखात ४२,००० छापलं गेलं. उलथण्यातून पोटात जाण्याचा अंदाज ३४,७०० होता, म्हणजे मर्यादेला टेकलेला वाटला. खरं तर दहाव्या हिश्श्याच्याही खाली. आता दुरुस्ती आली आहे.

मग आता सगळं ठीक आहे का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, घाबरू नकोस, पण उलथण्यात डेका सापडलं ही गोष्ट त्या शून्याने बदलत नाही. उलथण्याला आग विझवायची नसते. ते तिथे दाण्यातूनच आलं. तुला पटत असेल तर लोखंडी किंवा लाकडी वापर, आईच्या वेळी तेच होतं.

६ जानेवारी २०२५, सोमवार

मधल्या दोन चाचण्या थोडक्यात. चाचणी २: पीटीएफई घातल्यावर थेंब बंद, पाच पट्ट्यांची बेरीज २६ सेकंद, व्ही-झीरो. चाचणी ३: अँटिमनी ५ वरून ३.५ वर आणलं, एका पट्टीने ११ सेकंद घेतले, नापास. अँटिमनीचा भाव आता गेल्या जानेवारीच्या तिप्पट झालाय, त्यामुळे दीड टक्का वाचला असता तर हवा होता.

चाचणी ४ आज: अँटिमनी ४.२. बेरीज ३१ सेकंद, सगळ्यात मोठी वेळ ६ सेकंद, कापूस पांढराच. आघातशक्तीच्या आयझॉड चाचणीचा आकडा ७० जूल प्रति मीटरवर अडकला होता, ४ टक्के जास्त रबराचं एबीएस घातल्यावर ९५. जुनं एबीएस उन्हातान्हात राहिलेलं असतं, त्यातलं रबर आधी मरतं. नवं रबर द्यावंच लागतं.

१७ जानेवारी, शुक्रवार

७० अंशांच्या ओव्हनमध्ये १६८ तास ठेवलेल्या पट्ट्या आज जाळल्या. बेरीज ३४ सेकंद. व्ही-झीरो टिकला. पृष्ठभागावर भुकटी नाही, काळ्या कापडाने पुसून पाहिलं.

बाहेरच्या लॅबचा अहवालही आला. तयार कंपाउंड, जीसीएमएस: पीबीडीईची बेरीज ४० पीपीएमच्या आत, पीबीबी आढळलं नाही. हा आकडा मी दोनदा वाचला. मामांना दाखवला, त्यांनी चष्मा लावून वाचला आणि विचारलं, ‘हे चाळीस कुठून आले?’ ३०० च्या रेघेखालच्या पाठींतून. शून्य येणार नाही, पण चाळीस कुठून आले हे आपल्याला पाठीगणिक सांगता येतं.

गिऱ्हाइकाला नमुन्याचे २५० किलो रवाना. सोबतच्या पत्रात ब्रोमिनचं प्रमाण, ऑलिगोमरचं पूर्ण नाव आणि साच्यात कोरायची खूण लिहिली. खूण साच्यातच कोरा, स्टिकर नको, असं वेगळ्या ओळीत.

१० फेब्रुवारी, सोमवार

शनिवारपासून कुदळवाडीत महापालिकेचं पाडकाम चालू आहे. चाचांच्या गोदामाच्या जागी सपाट जमीन. पुतण्याचा फोन लागला. माल तीन ठिकाणी विभागून ठेवलाय, पण आमच्यासाठी वेगळ्या काढलेल्या पाठींचा ढीग दुसऱ्या मालात गेला. त्याने ३०० च्या वरच्या पाठींवर खडूने फुली मारायची सवय लावून घेतली होती. पावसात नाही, पण टेम्पोत घासून फुल्या गेल्या.

त्याला सांगितलं, सगळा माल जसा आहे तसा आण. फुली आता पंच करून मारू, सुट्ट्या तुकड्यावरही राहील अशी. गन परवापर्यंत मोकळी ठेवली आहे. पहिला टेम्पो बुधवारी, अंदाजे ४०० पाठी. मामांनी टाकी धुऊन ठेवलीय, मिठाची पोती आणायला सांगितलं आहे.